घड्याळाला कसलाबी सेल चालतो

आमच्या घरात सेलांची एक उतरंड होती. नवे पेन्सिल सेल आणले की ते आधी बाबांच्या रेडिओत जायचे. रेडिओ खरखर करायला लागला की बाबा ते काढून दातानं दाबायचे, दोन दिवस पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि पुन्हा घालायचे. तरी आवाज निघेना झाला की मग त्यातला एक भिंतीवरच्या घड्याळात. "घड्याळाला काय, कसलाबी सेल चालतो," असं बाबा म्हणायचे, आणि चालायचाही. म्हातारी मेंढी कळपामागं रखडत का होईना येत राहते, तसा तीन-चार महिने ओढायचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी जे केलं ते घरच्या रीतीनंच केलं, असं मी किती तरी वर्षं स्वतःला बजावत आलो. ते खोटं आहे.

आमचं घर गावात नव्हतं. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या पलीकडं आमचं गाव, आणि गावापासून वीसेक मिनिटांच्या वाटेवर आमचा आखाडा. कुस्तीचा नव्हे, शेतातल्या राहत्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. मेंढरं, पाच-सहा शेळ्या, थोडं कोरडवाहू वावर, माय, बाबा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आक्का आणि मी. गावातली पोरं मला 'मेंढरू' म्हणायची. अंगाला वास येतो म्हणून पारावर शेजारी बसू द्यायची नाहीत. मी रडत घरी आलो की आक्का म्हणायची, "तू बी म्हण ना त्यायला, आमची मेंढरं बसून लेंडीखत पडतं म्हणून तुमच्या वावरात पिकतं!" मला ते कधी वेळेवर सुचलं नाही. मी आपला मुळूमुळू रडायचो.

हिंगोली जिल्हा होणार होणार असं ज्या साली लोक म्हणत होते, त्या साली औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत मामानं मला एक गेम घेऊन दिला. हातात मावणारा, राखी रंगाचा, चार बटणांचा. वरून चौकोनी विटा पडायच्या, त्या फिरवून फिरवून खाली रचायच्या, ओळ भरली की ती गायब. डब्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम असं छापलेलं होतं. आत मोजून बारा-पंधरा निघाले, पण तक्रार करायला औंढ्याला कोण जातं? गावात असली वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तो शाळेत नेला आणि मधल्या सुट्टीत पारावर गेलो, तर पोरांनी सरकून मला जागा केली. मला ती जागा अजून आठवते. मारुतीकडं तोंड करून बसलं की डाव्या हाताची.

सात-आठ महिने माझी चैन होती. एक डाव खेळायचा तर ओंजळभर बोरं, नाही तर भुईमुगाच्या शेंगा, चिंचा, पेरूची फोड, असं काहीबाही पोरं आणून द्यायची. जी पोरं मला मेंढरू म्हणायची तीच "दे ना गड्या एक डाव" म्हणून मागंमागं फिरायची. गरज सरो वैद्य मरो हे मला ठाऊक होतं; म्हणून त्यांची गरज सरू नये याचीच मी काळजी घ्यायचो. आक्काचा हात त्या गेमवर माझ्याहून चांगला चालायचा. तिच्या बोटांना घाई नव्हती. पण तिचं दहावीचं वर्ष, तिला वेळ कुठं? कधी चूल पेटवता पेटवता एक डाव खेळायची, माझा आकडा मोडायची आणि गेम माझ्या मांडीवर टाकून म्हणायची, "ईटा रचून कुठं घर होतं का रे येड्या? जा, सतराचा पाढा म्हण."

मग दिवाळीत गावात दुसरा गेम आला. गावात पहिला ट्रॅक्टर ज्यांनी घेतला, त्यांच्या पोराला तो नांदेडहून आला होता. त्यात एकच खेळ. एक माणूस भिंतींवरून उड्या मारत जायचा. पण मागचं चित्र रंगीत होतं, आणि तो वाजायचाही गोड. माझा आपला नुसता टूँक टूँक. झालं! आठ दिवसांत गावातल्या पोरांच्या दोन पार्ट्या झाल्या. आमची 'ईटावाले' आणि त्यांची 'उडीवाले'. उडीवाले ईटावाल्यांशी बोलेनात. गोट्या वेगळ्या, विहिरीवर पोहायला जायची वेळ वेगळी. दोन सख्ख्या भावांपैकी एक इकडं आणि एक तिकडं, अशीही घरं होती. त्यांच्या गेममध्ये माणूस तीनदा पडला की डाव संपायचा, त्याला पोरं 'जीव' म्हणायची. एकदा आमच्या आखाड्यावर दोन पोरं बोलत होती, "त्याचा आता एकच जीव राहिला." मायनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. "कोणाचा रे?" पोरं हसायला लागली तसं तिनं दोघांनाही झाडलं. "असलं अभद्र हसण्यावारी न्यायचं न्हाई," म्हणाली.

उडीवाल्यांचं एक दुखणं होतं. त्यांच्या गेमला शर्टाच्या गुंडीएवढा सेल लागायचा आणि तो आमच्या गावात तर सोडाच, सेनगावातही मिळायचा नाही. संक्रांतीच्या आसपास त्यांचा गेम बंद पडला आणि पोरं हळूहळू माझ्याकडं परत आली. मी कोणाला नाही म्हणालो नाही, पण थोडं ताटकळत ठेवलं. मी काही साधुसंत नव्हतो. मार्च उजाडला आणि ट्रॅक्टरवाल्याच्या पोराचा काका नांदेडहून सेल घेऊन आला, चांगले चार. दोन दिवसांत माझ्याभोवती तीन पोरं उरली, त्यातलं एक मामाच्या गावाला चाललेलं. मग ते ट्रॅक्टरवाल्याचं पोरगं पारावर सगळ्यांसमोर मला म्हणालं, "हाय का दम? उद्या मधल्या सुट्टीत दोन्ही गेम संग ठेवू. ज्याच्याभोवती जास्त पोरं, तो जितला. हारला त्यानं पुन्हा पारावर बसायचं न्हाई." मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? पारावरची ती जागा मी एक वर्ष वापरली होती.

उद्या म्हणजे आक्काचा बीजगणिताचा पेपर होता.

आता आक्काचं सांगतो. आमच्या सगळ्या भावकीत दहावीपर्यंत गेलेली ती पहिली पोरगी. चुलते बाबांना म्हणायचे, "कलेक्टर करतो का काय पोरीला? दोन स्थळं सांगून आलीत, उरकून टाक." बाबा फार बोलणारे नव्हते. मेंढरांशी जेवढं बोलायचे तेवढंच माणसांशी. पण या बाबतीत त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर देऊन ठेवलं होतं. दहावी पास झाली तर हिंगोलीला तिच्या मावशीकडं ठेवीन, बारावी करीन, मास्तरीण करीन; नापास झाली तर तुमी म्हणाल त्या घरी देईन. आक्काला हे पक्कं ठाऊक होतं. तिची सगळी आशा 'पास झाली तर' या तीन शब्दांवर होती. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर ती कोळशानं गणितं लिहायची आणि शेळ्यांकडं पाठ करून, हातात काडी घेऊन, ती कोणाला तरी समजावून सांगितल्यासारखी सोडवायची.

परीक्षेचं केंद्र सेनगावला. गावातली दोन पोरं पेपराला बसली होती, ती तिकडंच खोली करून राहिली. पोरीच्या जातीला कोण खोली करून देतं? आक्का रोज फाट्यावरून साडेआठच्या बसनं जायची. फाटा आखाड्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, म्हणजे पावणेआठला घर सोडायला पाहिजे. तेवढ्यासाठी तिनं परीक्षेच्या आधी मायच्या कोंबडीची अंडी दुकानात देऊन एक कोरा करकरीत सेल आणला आणि घड्याळात घातला. आमच्या घड्याळाला जन्मात पहिल्यांदा नवा सेल मिळाला होता. बाबांना तेव्हा हसू आलं. "घड्याळाला नवा सेल? लाड हायेत बाई." पण त्यांनी तो रेडिओत घालायला मागितला नाही.

त्या संध्याकाळी माझ्या गेमची काच फिकी पडली होती. दोन सेल लागायचे, त्यातला एक कसाबसा जिवंत होता आणि दुसरा संपल्यात जमा. दाताचा उपाय केला, चुलीजवळ ठेवून पाहिला. विटा दिसायच्या आणि विरून जायच्या. मी इकडंतिकडं पाहिलं. माय शेळ्या पिळत होती, आक्का मागच्या भिंतीकडं होती, बाबा मेंढरं वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडत होते. मी पेटीवर चढलो, घड्याळातला नवा सेल काढला आणि तिथं माझा दमलेला घातला. काटा थरथरला आणि चालायला लागला. मी थोडा वेळ बघत उभा राहिलो. चालत होता, खरंच. घड्याळाला कसलाबी सेल चालतो.

माझी शाळा तेव्हा सकाळची, सातची. घड्याळात पावणेसात वाजायला आले तसा मी दप्तर घेऊन निघालो. गेम दप्तराच्या तळाशी, वर पुस्तकं. शाळेत पोचलो तर प्रार्थना होऊन गेलेली, वर्गात गुरुजींचा आवाज. त्यांनी मला दारातच उभं केलं. "या! झोप झाली का?" आणि भिंतीवरचं शाळेचं घड्याळ दाखवून हातावर दोन पट्ट्या दिल्या. साडेसातला पाच कमी होते. पट्ट्या मला लागल्याच नाहीत. घरून निघून मला कितीसा वेळ झाला होता? पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे घरी आत्ता सात वाजत असतील.

मला हिशोब कळत होता, इथंच माझी चोरी आहे. आक्का घड्याळ बघून निघणार. घड्याळ मागं पडलंय. मी आत्ता पळत सुटलो तर बारा-पंधरा मिनिटांत आखाड्यावर पोचतो, ती पावणेआठला निघू शकते, बस मिळते. दार उघडं होतं. मी दारातच उभा होतो, वर्गात जायचंसुद्धा नव्हतं, नुसतं उलटं फिरायचं होतं. गुरुजींनी काय केलं असतं? फार तर उद्या अजून दोन पट्ट्या. पण मी गेलो असतो तर नवा सेल घड्याळात परत घालावा लागला असता, मधल्या सुट्टीत गेम चालला नसता, आणि पोरं म्हणाली असती, मेंढरू भ्यालं, पळालं. मी स्वतःशी म्हणालो, मायला ऊन कळतं, माय धाडील तिला वेळेवर. आणि वर्गात जाऊन बसलो.

मधल्या सुट्टीत मी जिंकलो. नवा सेल होता ना! विटा कशा काळ्याभोर दिसत होत्या. मी आक्काकडून शिकलेली एक युक्ती केली, एका बाजूची उभी फट शेवटपर्यंत मोकळी ठेवली आणि एकदम चार ओळी उडवल्या. पोरं ओरडली. उडीवाल्यांकडची पोरं एकेक करून उठून माझ्याकडं आली, शेवटी त्या ट्रॅक्टरवाल्याच्या पोराशेजारी त्याचा चुलतभाऊ तेवढा राहिला, आणि तोसुद्धा मान वाकडी करून माझ्या गेमकडं बघत होता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्या अर्ध्या तासात आक्काची एकदाही आठवण आली नाही.

शाळा सुटल्यावर आली. मी आखाड्यावर पळत गेलो. माय वावरात होती. घरात कोणी नव्हतं. घड्याळ जवळजवळ तासभर मागं होतं आणि सेकंदकाटा जागच्या जागी उडत होता. मी पेटीवर चढलो, नवा सेल परत घातला आणि शाळा सुटल्याची वेळ धरून, त्यात वाटेची मिनिटं मिळवून काटे पुढं सरकवले. काम मी बराबर केलं. आज विचार करतो तर सेल काढणं हे पोरवय म्हणून सोडून देता येईल. काटे सरकवणं कसं सोडून देऊ?

आक्का तिसऱ्या प्रहरी आली. पायात एकच चप्पल, दुसरी तुटून हातात. फाट्यावर पोचली तर बस गेलेली. पुढची बस दुपारची. त्या दिवशी लग्नाची दाट तिथ, सगळ्या जीपा वऱ्हाडाला गेलेल्या. उन्हात उभी राहून राहून शेवटी ओळखीच्या एका माणसाच्या फटफटीवर सेनगावला पोचली, तर पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत, नियमच तो. फाटकापाशी तिनं पुष्कळ हात जोडले म्हणे. पेपर सुटेपर्यंत ती तिथंच फाटकाबाहेर बसून राहिली.

मायनं डोक्याला हात लावला. "म्या म्हणलं व्हतं की गं तुला! ऊन गोठ्याच्या खुंट्याला आलं, निघ म्हणलं. तू म्हणलीस, घड्याळात अजून लई टाइम हाय."

"व्हता," आक्का म्हणाली. "सात चाळीसलाच निघाले म्या. बराबर पाहिलं व्हतं." आणि तिनं वर घड्याळाकडं पाहिलं.

बाबा मेंढरं घेऊन आले तेव्हा हे सगळं त्यांना कळलं. त्यांनी हातपाय धुतले, रेडिओ मांडीवर घेतला आणि सातच्या बातम्यांची वाट बघत बसले. बातम्यांच्या आधी ते टिण टिण वाजतं ना, ते वाजलं तसे बाबा उठून घड्याळासमोर उभे राहिले. शेवटचं टिण झालं आणि घड्याळात सात वाजले. मी इतकं बराबर लावलं होतं. बाबा तसेच उभे राहून म्हणाले, "घड्याळ तर बराबर चालून राहिलंय, पोरी."

आक्का जवळ आली. तिनं काट्यांकडं पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. तिच्या तोंडावरचा राग माझ्यासमोर उतरत गेला आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं. "मंग मीच चुकले," ती म्हणाली. "छोट्या काट्याचं ध्यान राहिलं न्हाई माझं." मी दाराच्या आडोशाला बसून पायाच्या बोटानं जमीन उकरत होतो. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. पण बोललो तर बाबा गेम चुलीत घालणार, आणि मी तर आजच जिंकलो होतो.

बाकीचे पेपर तिनं दिले. जूनमध्ये निकाल लागला, सगळ्या विषयांत पास आणि बीजगणितापुढं गैरहजर. तिचे हायस्कूलचे सर मुद्दाम सायकलवर आखाड्यावर आले. बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे. ऑक्टोबरला एकच पेपर द्यायचा, फॉर्म मी भरतो. वर्ष वाया जाणार नाही." बाबांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाले, "सर, तुमची तकलीफ वाया गेली. जिला घड्याळ पाहता येत न्हाई, ती पोरायला काय शिकवणार? आईनं सांगितलं, तरी ऐकलं न्हाई. तिचं मन नव्हतं सर. मनच नव्हतं." आक्का आत चुलीपुढं होती, ऐकत होती. मी ओसरीवर होतो आणि माझ्या हातात गेम होता. मी आवाज बंद करून खेळत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पुसेगावाकडं. माणसं वाईट नव्हती. घरी शेती, दोन म्हशी, नवरा कष्टाळू. तिला तीन वर्षांत दोन लेकरं झाली.

आणि ते गेम? आक्काचा निकाल लागला त्याच वर्षी दिवाळीत ट्रॅक्टरवाल्याकडं टीव्हीला जोडायचा गेम आला आणि झाडून सगळी पोरं, ईटावाले काय नि उडीवाले काय, त्याच्या ओसरीवर जाऊन बसली. मीसुद्धा गेलो. दाराजवळ चपलांपाशी जागा मिळाली. माझा गेम कधी बंद पडला, कुठं गेला, मला सांगता येणार नाही. पुढं कॉलेजला नांदेडात गेल्यावर कळलं की मोठ्या शहरांतली पोरंही आपापल्या कंपनीचे गेम घेऊन अशीच एकमेकांशी भांडतात. मित्र तावातावानं बोलायला लागायचे. मी उठून बाहेर जायचो.

मला नोकरी लागली त्या वर्षी दिवाळीला मुराळी म्हणून मीच गेलो, आक्काला माहेरी आणायला. तिची लेकरं आधीच आजीकडं येऊन राहिली होती. आम्ही दोघं पुसेगावच्या थांब्यावर बसची वाट बघत होतो. तिनं शेजारच्या बाईला वेळ विचारली. बाईनं सांगितली. थोड्या वेळानं एका म्हाताऱ्याला विचारली, तीच वेळ, आणि मग मला म्हणाली, "तुझ्या मोबाईलमधी किती वाजले रे?" मी म्हणालो, "आक्का, तुझ्या हातात घड्याळ हाय की."

"हाय. भावजीनं घेतलंय तुझ्या. पण माझा माझ्यावर भरवसा न्हाई बाबा. तीन जणायला विचारल्याबिगर मी निघत न्हाई." आणि हसली.

ते हसणं मला सहन झालं नाही. थांब्यावर, बायाबापड्यांत, पिशव्यांमध्ये बसून मी तिला सगळं सांगितलं. सेल, पट्ट्या, उघडं दार, सरकवलेले काटे. ती माझ्याकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती. मी थांबलो तेव्हा तिनं पहिली गोष्ट विचारली ती ही, "म्हंजे मी बराबर पाहिलं व्हतं?"

"व्हय."

"सात चाळीसच व्हते?"

"व्हय आक्का."

तिनं मनगटावरचं घड्याळ एकदा पाहिलं. मग म्हणाली, "सेल काढला त्याचं काय न्हाई. लेकरू व्हतास. पण सर आले व्हते ना रे. तवा तू तिथंच व्हतास. तवा बोलला असतास तर बाबांनी तुला दोन चपराका मारल्या असत्या अन् मला आक्टोबरला बसवलं असतं. दोनच चपराका, भाऊ." तिनं मला 'येड्या' म्हटलं नाही, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

बस आली. मी तिची पिशवी उचलली. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "आधी बाबांला सांग," म्हणाली. "त्यायच्या तोंडावर सांग. मंग ये मला न्यायला. लेकरायला भाऊबीज झाली की आणून सोड." आणि सासरच्या वाटेनं चालायला लागली. मुराळी बहिणीशिवाय एकटा माहेरी येतो, याहून वाईट आमच्याकडं काही नाही.

आखाड्यावर पोचलो तर मायनं पायावर घालायला पाणी भरून ठेवलेलं. बाबा बाजेवर बसून वाटेकडं बघत होते. "एकटाच?" माय म्हणाली. दोन्ही लेकरं माझ्यामागं डोकावून आपली आई शोधत होती.

मी म्हणालो, "तिच्या सासूला बरं न्हाई."

तेव्हापासून आक्का माहेरी आली नाही. बाबांना वाटायचं, सासरचे धाडत नाहीत. व्याह्यांवर त्यांचा राग बसला. "काहून धाडंनात पोरीला? काय चुकलं आपलं?" असं मलाच विचारायचे. दोनदा स्वतः जाऊन भेटून आले. ती त्यांना चहा द्यायची, गोड बोलायची आणि यायचं टाळायची. मी दर सणाला ठरवायचो, आज सांगतो, आणि दर सणाला नोकरीच्या गावी परत जायचो. शेवटी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. हिंगोलीच्या दवाखान्यात आठ दिवस मी एकटा त्यांच्या उशाशी होतो. ते शुद्धीवर होते, बोलत होते, मेंढरांना चारा पडला का विचारत होते. आठ दिवस! मला तोंड उघडता आलं नाही. नवव्या दिवशी ते गेले.

आक्का आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बाया गळ्यात पडून रडत होत्या, ती नुसती त्यांच्या पाठीवर थोपटत होती. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परत आलो, माणसं पांगली, तेव्हा ती मेंढरांच्या वाघुराजवळ माझ्याशेजारी येऊन बसली.

"सांगितलं व्हतंस का बाबांला?"

मी तिच्याकडं पाहिलं. "व्हय," मी म्हणालो.

"कवा?"

"दवाखान्यात."

"काय म्हणले?"

बाबा काय म्हणाले असते, ते मला कधीच कळणार नव्हतं, मी ते कळू दिलं नव्हतं. "म्हणले," मी म्हणालो, "माझी पोरगी बराबर व्हती."

"आनखी?"

"आनखी काय न्हाई. एवढंच."

ती मान खाली घालून बसली. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडायला लागली, पहिल्यांदाच, सगळं अंग हलवून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.